फळबाग अनुदानाची गावनिहाय यादी कशी मिळवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून वडिलांनी वेंगुर्ला-४ काजूची कलमं लावली. या योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. पहिला हप्ता जमा झाला, दुसरा अडकलाय. कलमं जगलीत, यंदा मोहोरही आलाय. ऑफिसात विचारलं तर ‘वरून निधी नाही’. पण गावात काहींच्या खात्यात पैसे आल्याचं कानावर येतंय, आणि त्यातल्या एकाच्या कातळावर मला तरी गवताशिवाय काही दिसत नाही!

कोणावर आरोप करायचा नाही, यादी बघायची आहे. पीएम किसानची गावनिहाय यादी पोर्टलवर कुणालाही दिसते, मग फळबागेची का नाही? माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4(1)(ख) प्रमाणे अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. मी तोंडी मागितला, तर ‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणाले. बँक खातं, आधार नकोच आहे मला. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, एवढंच.

कुणी असा अर्ज केलाय का? मजकुरात नेमकं काय लिहिलंत? पाहणी अहवालही त्याच अर्जात मागावा की वेगळा? आमचा सातबारा सामाईक आहे, निम्मे हिस्सेदार मुंबईला. संमतीपत्र दिलं होतं, तरी हप्ता त्यावरून अडू शकतो का?