गावातल्या गीतकार-गायकाने पहिली गाणी घरीच रेकॉर्ड करावीत की शहर गाठावं? (चौघांची चर्चा, प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

धुऱ्यावरून
स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी पोरं-पोरी आता आपल्या विदर्भात दर्यापूर, पुसद, आर्वीकडेही आहेत. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: पुणं गाठ. मला तो चुकीचा वाटतो. पहिली पाच गाणी गावातच रेकॉर्ड व्हावीत.

लागतं काय? दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि लॅपटॉप. कंडेन्सर माइक घेऊ नका राजेहो, टिनाखालच्या खोलीत तो शेजारचा कूलरही उचलतो. कापसाच्या दोन जाड गाद्या गाणाऱ्याच्या पाठीमागे कोन करून उभ्या करा. तोंड माइकपासून चार बोटं, आणि 'प', 'भ'चा झटका बसू नये म्हणून माइक किंचित तिरपा. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोराची ओळही उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

शहरातल्या स्टुडिओत तासाचे पैसे मोजावे लागतात. त्या दडपणात नवखा गाणारा भाषाही प्रमाण करून टाकतो. विदर्भाच्या वऱ्हाडीत कडवं 'डोया'वर बांधलेलं असतं, तिथे 'डोळा' म्हटलं की यमक सुटतं.

साउंडवाला
भाऊ, अर्धंच सांगितलंत. गादी वरचे सूर शोषते, खालचे नाही. दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीत गिटारची जाड तार घुमतेच. ते काढायला गेलं की गाणाऱ्याचा आवाजही पातळ होतो. खोलीच्या मधोमध बसू नका, कोपऱ्यातही नको. लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर बसा.

आणि विजेचं काय? बऱ्याच घरांत अर्थिंग नावालाच असतं. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की मीठ-कोळसाही कामाचा नाही, पाणी ओतावंच लागतं. नाहीतर ५० हर्ट्झची घूं घूं गिटारच्या पिकअपमधून थेट ट्रॅकमध्ये येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर त्यातली बरीचशी जाते. गिटारचंही तसंच. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, तारा झणझणतात. कूलर लावला की तेच लाकूड फुगतं. दर टेकआधी ट्यूनिंग तपासावंच लागतं.

म्हणून माझं मत: घरी डेमो, अंतिम गाणं अमरावती-नागपूरच्या स्टुडिओत. पट्टी आणि बीपीएम (मिनिटाला किती ठोके) ठरवून, क्लिकवर म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर पक्का सराव करून गेलं तर आवाज-गिटारची दोन गाणी एका दिवसात निघतात.

सातबारा
तुम्ही दोघंही खोलीतच अडकलात. पोरं गाणं गमावतात ते कागदावर. एखादं चॅनल ठोक रकमेत 'सर्व हक्क' लिहून घेतं आणि पोरगं सही करून मोकळं होतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ त्याला कोणी दाखवत नाही: करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा हक्क विकले तरी कायम राहतो.

तो हाती पडायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं, आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. गाणं ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चालीचा पैसा वेगळा. एकाच वावराचे दोन सातबारे समजा. रेकॉर्डिंग निर्मात्याच्या मालकीचं असतं, म्हणून स्टुडिओचं बिल स्वतःच्या नावावर घ्या.

नेटवरून भाड्याने घेतलेल्या बीटवर, म्हणजे तयार साथसंगीतावर, गाणं असेल तर कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणं ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) लावू नका. तीच बीट शंभर जणांनी घेतलेली असते, दावे एकमेकांवर आदळतात.

झाडीपट्टी
हक्क राखा, पण त्यावर घर चालणार आहे का? स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला २०२४पासून रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. नव्या गाणाऱ्याला मंचच तारतो. दिवाळीनंतर गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम असतो, मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यती) गावांत रात्रभर प्रयोग चालतात, आणि त्यांना नवी गाणी, जिवंत वादक लागतात. शिवाय धुऱ्यावरून भाऊ, वऱ्हाडी म्हणजे सगळा विदर्भ नव्हे. आमच्याकडे पूर्व विदर्भात झाडीबोली आहे.

मंचाचं तंत्र वेगळं. गावातले भोंगे खालचे सूर जवळपास गिळतात, म्हणून गिटार वरच्या तारांवर वाजवा. मॉनिटर (गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर मागे ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते. खंजिरी घेतली तर पावसाळी दमटपणात कातडं सैल पडतं, ते आधी शेकून घ्या. आणि प्रयोग रात्रभराचा असला तरी नियमाने रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, परवानगी विचारूनच तारीख द्या.

धुऱ्यावरून
झाडीबोलीचं मान्य, चूक माझी. अर्थिंगचंही मान्य. पण अंतिम आवाज बाहेर रेकॉर्ड करायला माझा विरोधच आहे. गाणं घरी गावं, बाहेर द्यावं ते फक्त मिक्सिंग. प्रत्येक ट्रॅकची वेगळी वॅव्ह फाइल, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) न लावलेल्या. सोबत बीपीएम, पट्टी आणि बोलीतले शब्द जसेच्या तसे लिहिलेला कागद. 'डोया' तिथे चूक समजून कोणी कापू नये.