विषय: झावळ्यांची राख, १५ तारखेच्या आत

प्रेषक: फिलोमिना
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

जय ख्रिस्त.

राखेचा बुधवार, म्हणजे कपाळावर राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करायचा दिवस, १८ ला आहे. फादरांनी यंदा राख करायचं काम आपल्या मराठी गटाकडे दिलंय. गेल्या १३ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या येत्या रविवारी, ८ ला, मिस्सा (उपासना) झाल्यावर दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाका. क्रूसामागे, तसबिरीमागे, गाडीच्या आरशाला, जिथे असतील तिथून काढा.

आणि गेल्या वर्षीसारखी पांढुरकी राख नको. गव्हाळ कपाळावर ती दिसलीच नाही, वर दोन पोरांच्या कपाळाला लाली आली. कशी करायची ते एकदाचं ठरवा. तीन मिस्सांना पुरली पाहिजे.

प्रेषक: मिलिंद (सचिव)

हॉलच्या मागच्या लाकडी डेकवर काहीही जाळायचं नाही, विम्याचं तुम्हाला माहीत आहे. पार्किंगच्या टोकाला, काँक्रीटवर. बाकी धार्मिक भागात मी पडत नाही.

हॉल २१ ला, शनिवारी, शिवजयंतीसाठी आपल्या मराठी मंडळाकडे आहे. शुक्रवारी २० ला तिथेच पॅरिशचं (चर्चच्या मंडळींचं) सूप आणि ‘क्रूसाची वाट’ ही प्रार्थना. म्हणजे आपल्या जेवणाचं मटण शुक्रवारी त्या फ्रिजमध्ये नको.

प्रेषक: सायमन

फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, शुक्रवारी खायचं नाही. पण मिलिंद म्हणतोय तसं करा, उगीच वाद नको.

आता राख. पांढरी झाली कारण पूर्ण जळू दिली. आपल्याला हवी ती खरं तर राखेपेक्षा कोळशाची पूड. झावळी काळी पडून ज्वाला बसली की तिथेच तिचा श्वास कोंडायचा. पुढे जळत राहिली तर कोळसा उडून जातो आणि उरतो तो निव्वळ क्षार. दिसत नाही आणि चावतो.

क्रम असा:

रिबिनी, टाचण्या, स्टेपल, सेलोटेप, प्लॅस्टिकची फुलं आधी काढा. विणलेले क्रूस उकला. गाठ तशीच टाकली तर बाहेरून जळते, आत हिरवट-तपकिरी राहते आणि चाळणीत अडकते. चकाकीचा फवारा मारलेल्या झावळ्या वेगळ्या ठेवा, राखेत नकोत.

तळघरात ठेवलेल्या झावळ्या वर्षानंतरही दमट असतात. हीटरजवळ कागदावर दोन दिवस पसरा. वाकवल्यावर कट्‌कन मोडली तर तयार, वाकली तर नाही. मग कात्रीने दोन-तीन इंचाचे तुकडे.

भांडं जाड लोखंडाचं, घट्ट झाकणाचं. पातळ ॲल्युमिनियम नको. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर मुळीच नको, तापली की तिचा धूर छातीत जातो. एका वेळी दोन मुठी, जास्त नाही. पेट घेऊ द्या, लांब चिमट्याने एकदा उलटा, ज्वाला खाली आली की झाकण. पुढचा घाणा दुसऱ्या भांड्यात, तोवर पहिलं उघडायचं नाही. लवकर उघडलं की हवा लागून पुन्हा पेटतं.

रात्रभर बाहेर, काँक्रीटवर, झाकून. निखारा आत किती वेळ जिवंत राहील सांगता येत नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाडीत ठेवू नका. दुसऱ्या दिवशी खलबत्ता, मग मैद्याची चाळण, मग मलमल. चाळताना तोंडाला मास्क.

प्रेषक: रेमंड

एवढ्या खटाटोपापेक्षा तयार पाकीट मागवा. चर्चच्या सामानाच्या दुकानात मिळतं, बारीक, काळं, एकसारखं. कितीतरी पॅरिश तेच वापरतात. फेब्रुवारीच्या वाऱ्यात पार्किंगमध्ये आग लावून दाखवायचं काय आहे?

प्रेषक: फिलोमिना

> तयार पाकीट मागवा

दाखवायचं काही नाही, रेमंड. मिस्साच्या ग्रंथातच लिहिलंय की राख आदल्या वर्षी आशीर्वादित केलेल्या फांद्यांची. ऑलिव्हची किंवा दुसऱ्या झाडाची. आपण त्या दिवशी हातात धरून ‘होसान्ना’ म्हटलं, त्याच झावळ्या कपाळावर यायच्या. पाकिटातली कुणाच्या हातातली?

शिवाय आशीर्वादित झावळ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या जाळायच्या किंवा मातीत पुरायच्या. म्हणजे जाळायचं काम आहेच, मग त्याचीच राख वापरली तर बिघडलं काय?

प्रेषक: रेमंड

बिघडलं ते गेल्या वर्षी बिघडलं. मी फक्त म्हणतो, एक पाकीट कपाटात असू द्या.

आणि गणित केलंय का? मोठ्या पिशवीभर झावळ्यांतून वाटीभरही पूड निघत नाही. ८ ला खोक्यात काय पडतं ते बघून बोलू.

प्रेषक: वृषाली

मध्येच विचारते. शिवरात्र १५ ला आहे, घरी विभूती काढलेली आहे. ती पांढरी आणि कपाळाला काही होत नाही. तुमची काळीच का लागते? आणि आम्ही १८ ला आलो तर आम्हाला राख लावतात का?

प्रेषक: सायमन

वृषालीताई, विभूतीच्या शेणी पूर्ण जळू देतात, म्हणून ती पांढरी. ती कोरडी लावतात आणि घाम नसेल तर त्रास होत नाही. आमच्याकडे भानगड होते ती पाण्याने. राख चिकटत नाही म्हणून कुणीतरी वाटीत पाणी घालतं आणि त्याचा खार तयार होतो. झाडपाल्याच्या राखेचं पाणी म्हणजे पूर्वी कपडे धुवायला वापरायचे तेच. कपाळावर ते तासन्‌तास ठेवलं तर कातडी भाजणारच. राख जितकी पांढरी, तितका हा धोका जास्त.

पाणी अजिबात नाही. फादर आशीर्वाद देताना पवित्र पाणी शिंपडतात तेवढेच थेंब. त्यासाठी राख उथळ बशीत पसरून ठेवा, खोल वाटीत नको. वाटीत पाणी एका जागी जिरतं आणि नेमका तोच चिखल अंगठ्याला लागतो. शिंपडून झालं की कोरड्या चमच्याने हलवा.

आणि हो, जरूर या. राख कुणालाही घेता येते. कम्युनियनचे, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घेण्याचे, नियम वेगळे, राखेचे वेगळे. आशीर्वाद फादर किंवा डीकन (फादरांच्या खालचा दीक्षित सेवक) देणार, लावायला मात्र आपल्यातलेही दोघे-तिघे उभे राहू शकतात.

प्रेषक: अँजेला

चिकटायला खोबरेल घाला. चहाच्या चमच्याभर राखेला तीन-चार थेंब. वासही येत नाही.

प्रेषक: सुनंदा

खोबरेल नको. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि सकाळी सातच्या मिस्साला देवळात किती ऊब असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गुठळ्या होतील. ऑलिव्हचं तेल घ्या, ते त्या थंडीत पातळ राहतं. थेंब मात्र अँजेलाने सांगितले तेवढेच. जास्त झालं तर काळा ओघळ भुवईवर येतो आणि तिथून पांढऱ्या शर्टावर.

आम्ही नगरकडचे, प्रॉटेस्टंट, तेव्हा माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्ही बघा. पण तेल ते तेलच.

प्रेषक: फिलोमिना

सुनंदा, वजन पूर्ण आहे.

एक राहिलं. तेल सगळ्या राखेत एकदम घालू नका. काही वयस्कर मंडळी डोक्यावर भुरभुरलेली राख घेतात, रोममध्ये तीच पद्धत. २०२१ मध्ये कोविडमुळे सगळीकडे तशीच द्यायला सांगितली होती. तिच्यासाठी कोरडी, मलमलमधून गाळलेली बाजूला ठेवा.

वेदीजवळ छोट्या टेबलावर लिंबाच्या फोडी, पावाचे तुकडे, पाण्याचं भांडं आणि जुना टॉवेल. अंगठ्याची काजळी नुसत्या पाण्याने निघत नाही. लिंबाने सुटते आणि पावाने पुसली जाते. त्याच हाताने पुढे कम्युनियन द्यायचं असतं.

प्रेषक: अँजेला

राखेचं झालं असेल तर मंगळवार १७ चं बघा. पॅरिशचं पॅनकेकचं जेवण आहे, १२० माणसं, आणि आपल्या टेबलावर फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) हवेत असा निरोप आलाय. उपवासकाळाआधी अंडी-लोणी संपवायचा दिवस, तेव्हा फुगे बरोबरच आहेत.

१ किलो मैद्याला ४ अंडी, १०० ग्रॅम साखर, २ चमचे मीठ, १० ग्रॅम कोरडं यीस्ट, ५० ग्रॅम लोणी, आणि नारळाचं कोमट दूध साधारण ६५० ते ७०० मिली. पीठ आंबवायला ताडी इथे कुठली मिळायला. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल, पण मुठीतून पिळल्यावर गोळा तुटला पाहिजे. एका किलोचे ८०-९० होतात. माणशी ४ धरले तर ६ किलो.

हॉलच्या स्वयंपाकघरात दुपारी ३ पासून तळू.

प्रेषक: मिलिंद (सचिव)

> हॉलच्या स्वयंपाकघरात दुपारी ३ पासून तळू

नाही. शेगडीवर आग विझवणारी यंत्रणा असलेलं हूड नाही, नुसता पंखा आहे. तिथे तळण बंद, दारावर पाटी आहे. पॅरिशची परवानगी असली तरी किल्ली मंडळाच्या नावावर घेतलेली असते.

प्रेषक: रेमंड

आप्पेपात्रात करा. थेंबभर तुपावर, तळणच नको. दोन विजेची तवेवजा पात्रं माझ्याकडे आहेत.

प्रेषक: अँजेला

आप्पेपात्रातले ते आप्पे. फुगा तेलात मोकळा तरंगला पाहिजे, एक बाजू फुगली की स्वतःच उलटतो, म्हणून तो गोल होतो आणि आतून जाळीदार. साच्यात घातला तर खालून चपटा आणि मध्ये दाट.

प्रेषक: सायमन

घरून तळून आणा. तीन घरं, दोन-दोन किलो. तेल १७० ते १७५ अंश, थर्मामीटर लावा. त्याहून गरम झालं तर वरून तपकिरी, आत कच्चं पीठ. गार असलं तर तेल पितात. विजेची छोटी कढई असेल तर एका वेळी आठ-दहाच सोडा, नाहीतर तेल निवतं आणि परत चढायला वेळ घेतं. या थंडीत पीठ ओव्हनमध्ये, फक्त दिवा लावून, तीन तास तरी.

तळल्यावर लगेच डब्यात भरू नका, वाफेने चामट होतात. जाळीवर पूर्ण निवू द्या, मग कागद घातलेल्या ट्रेमध्ये, वर फडकं. हॉलच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर सात-आठ मिनिटं. ओव्हन लावायला बंदी नाही ना, मिलिंद?

प्रेषक: मिलिंद (सचिव)

ओव्हन चालेल.

प्रेषक: वृषाली

अंडं न खाणाऱ्यांसाठी मी घावन करते. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, सोबत गूळ-खोबरं. पण तवा वेगळा, पॅनकेकचा नको. उलथनंही वेगळं.

प्रेषक: खजिनदार

मैदा, तेल, अंडी यांचा खर्च मंडळाचा की पॅरिशचा? मंगळवारचं जेवण मंडळाच्या यादीत नाही. पावत्या मला पाठवण्याआधी हे ठरवा.

प्रेषक: फिलोमिना

पॅरिशचा. फादरांशी बोलणं झालंय. पावत्या पॅरिश ऑफिसात द्यायच्या, तुमच्याकडे नाही.

१५ च्या मराठी मिस्साबद्दल गायनमंडळाला: ‘गौरव’ आणि ‘आल्लेलुया’ ही आनंदाची स्तोत्रं मोकळ्या गळ्याने होऊ द्या. रविवारच्या मिस्साला यानंतर ‘आल्लेलुया’ थेट पुनरुत्थानाच्या जागरणाला, ४ एप्रिलच्या रात्री. १८ पासून वेदीवर फुलं नाहीत. तबला-पेटी फक्त गाण्याला साथ म्हणून, मधल्या शांततेत वाजवायची नाही. फुलं आणि नुसती वाजणारी पेटी चालेल ती १५ मार्चच्या रविवारी आणि मोठ्या सणांना.

प्रेषक: सुनंदा

पाडवा १९ मार्चला आहे, उपवासकाळातच. त्या दिवशी गुढीचं जेवण हॉलमध्ये ठेवलं तर तुमच्या लोकांना अडचण आहे का?

प्रेषक: सायमन

काहीच नाही. १९ मार्च म्हणजे संत योसेफचा सण, त्या दिवशी उपवासकाळातही ‘गौरव’ म्हणतात. वार गुरुवार, तेव्हा सामिष केलं तरी अडत नाही. श्रीखंडाचा प्रश्नच नाही. उपास फक्त राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी, १८ पुरी झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी, ती दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढी होता कामा नयेत. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना, त्या दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालतं.

प्रेषक: रेमंड
रविवार, ८ फेब्रुवारी

खोकं बघितलं. अर्धंच भरलंय, त्यातही निम्म्या झावळ्यांना रिबिनी. पाकीट मागवू का?

प्रेषक: फिलोमिना

थांबा. इंग्रजी आणि स्पॅनिश मिस्साच्या दारांशीही खोकी ठेवलीत, ती बुधवारी मोजू. कमी पडलं तरच मागवा, आणि ते इंग्रजी मिस्साला वापरू दे.

जाळणं शनिवारी १४ ला सकाळी १० ला. वारा असेल तर रविवारी मिस्सानंतर, त्याच्या पुढे नाही, कारण सोमवारी कुटायचं आहे. फायर डिपार्टमेंटला आधी फोन मिलिंदने करायचा. बर्फ साफ करायचं फावडं, वाळूची बादली, दोन झाकणाची लोखंडी भांडी आणि लांब चिमटा सायमन आणतोय. खलबत्ता कुणाकडे मोठा आहे? दगडी हवा, पितळी नको, पितळीत आधीचा मसाला राहिलेला असतो.

प्रेषक: अँजेला

दगडी आहे, पण त्यात कालच लसूण कुटलाय.