एस्टीमला बकेट सीट: 12 हजारांत कोण बसवून देईल?

चाळीसगावकर: 2005 ची मारुती एस्टीम आहे. कन्नड घाटात वळणावर अंग सरकतं, स्टीअरिंगला लोंबकळायची वेळ येते. फक्त ड्रायव्हरची सीट बदलायचीय, अंग दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी बकेट हवी. बजेट 12, फिटिंगसकट. जळगाव-धुळ्यात कोणी आहे का?

धुळ्याचा_भो: 12 मध्ये कव्हर येईल भो. मी पुण्याहून 38 ची आणली, पाठ मागे होणारी. बायको म्हणते आधी घरातला सोफा बदला. पण घ्यायची तर अशीच घे.

भुसावळ_जंक्शन: फायबरची फिक्स मात्र नको. माझ्याकडे आहे. मे महिन्यात शर्ट सोलून काढावा लागतो. शेगावला जाऊन आलो की दोन दिवस कंबर धरलेली. विकायचीच आहे तशी.

गॅरेजात_मुक्काम: सीट कोणतीही घ्या, फिटिंग बघा. माझ्या फिटरने अँगल थेट पत्र्याला वेल्ड केले. सहा महिन्यांत पत्रा फाटला, ब्रेक मारला की सीट डुलायची. ब्रॅकेट मूळ सीटच्या चार भोकांवरच घ्या. बोल्ट 8 एमएमचे, डोक्यावर 8.8 कोरलेले, तो मजबुतीचा आकडा. आणि बेल्टचं बकल बघा, बऱ्याच गाड्यांत ते सीटलाच असतं. सीट गेली की तेही गेलं.

धुळ्याचा_भो: मग चार पॉइंटचा हार्नेस टाक, रेसिंगवाल्यांचा दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा, कटकटच नाही.

गॅरेजात_मुक्काम: रोल केज, म्हणजे आतला पाइपांचा पिंजरा, नसताना? गाडी उलटून छत दबलं तर ताठ बांधलेला माणूस मान कुठे घालणार? मूळ तीन पॉइंटचाच बेल्ट ठेवा.

तापीकाठ: सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर एअरबॅगचा समजा. बॅटरी काढल्याशिवाय हात लावू नका.

धुळ्याचा_भो: दादा, एस्टीमचा धागा आहे, हिला एअरबॅग कुठली.

अमळनेरी: मन्हं आयक भो, तो पैसा टायरले लाव.

तापीकाठ: भोकं पाडण्याआधी सीट नुसती ठेवून बस. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला. मी आधी भोकं पाडली. आता धाकटा भाऊ चालवायला बसला की पाठीमागे उशी.

भुसावळ_जंक्शन: बोल्ट 8.8 चेच घे रे, साधे नको.

चाळीसगावकर: भुसावळच्या दादांचीच घेतली, 9 हजारांत. ब्रॅकेट इथेच करून मूळ भोकांवर बसवले, बकलही मूळ जागी. सीट सरकत नाही, कलत नाही, घाटात मीही हलत नाही. वडील एकदा बसले, उतरवायला दोघं लागले. आता ते बाजूच्या सीटवर बसतात.

भुसावळ_जंक्शन: मे येऊ दे.