मदत हवी आहे: ४५० वॅटच्या एसएमपीएसवर कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल?

नमस्कार मंडळी,

गेमिंगच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं आहे आणि सगळं एसएमपीएसपाशी (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) येऊन अडलंय. बजेट सध्या एकाच वस्तूचं आहे, त्यामुळे एसएमपीएस तोच ठेवून काम झालं तर हवंच आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

सध्याचं मशीन असं: इंटेल आय५-९४००एफ, बी३६५ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक साधी हार्ड डिस्क आणि ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्‌झचा. तो बदलायचा नाही.

त्रास असा की नव्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे तपशील) ‘मीडियम’च्या वर नेलं की कार्डाची मेमरी भरते आणि कॅमेरा वळवला की चित्र अडखळतं. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) तसा बरा दिसतो, पण मधूनमधून बसणाऱ्या झटक्यांनी खेळाचा विचका होतो. त्या वेळी प्रोसेसरवर फारसा ताण नसतो हे पाहून घेतलंय. म्हणजे अडचण कार्डाचीच.

आता एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय. कॅबिनेट उघडून बाजूचं लेबल वाचलं तर १२ व्होल्टची एकच लाइन आहे, ३० अँपिअरची. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही याच लाइनवर चालतात आणि तिथे मिळतात फक्त ३६० वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यातला. कार्डासाठी ६ पिनची एकच वायर आहे, ८ पिनची नाहीच. सध्याचं कार्ड ७५ वॅटचं, सगळी वीज मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनच घेतं, म्हणून आजवर ही वायर लागलीच नाही.

माझा हिशेब: प्रोसेसर ६५ वॅटचा, पण टर्बोत (आपोआप वाढणाऱ्या वेगात) वर जातो म्हणून ९० धरले. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५०. एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं तर त्याचे १३२. बेरीज २७२, म्हणजे ३६० च्या आत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० तर ११५ वॅटचंच आहे. तरीही एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि एएमडी ६६०० साठी ४५० पुरे म्हणते. माझं नेमकं काय सुटतंय? ६ पिनची ८ पिन करणारा कन्व्हर्टर लावणं सुरक्षित आहे का? आणि माझा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) आहे, त्याने नव्या कार्डांचा वेग मार खातो का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बेरीज बरोबर आहे, फक्त ती सरासरीची आहे. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या खूप वर उसळी मारतं. तेव्हा एसएमपीएसला झेपलं नाही तर मशीन एका झटक्यात पूर्ण बंद पडतं. (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कोसळला तर स्क्रीन काळी होऊन बहुधा विंडोज परत येतं. दोन्हींत गल्लत करू नका.) शिवाय कंपनीला तुमचा प्रोसेसर माहीत नसतो आणि एसएमपीएस किती चांगला हेही नाही, म्हणून ती हात राखून आकडा सांगते. एनव्हिडियाने जास्तच राखलाय, एवढंच.

कन्व्हर्टरचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. नियमानुसार स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिन ७५ आणि ८ पिन १५०. म्हणजे कागदावर स्लॉट आणि ६ पिन मिळून १५० होतात आणि १३२ चं कार्ड त्यात बसतं. पण कुठून किती ओढायचं हे कार्ड ठरवतं. कन्व्हर्टर लावला की ८ पिनमधल्या जादा पिना कार्डाला सांगतात, ‘इथे १५० वॅट आहेत’. मग ते स्लॉटवर फारसा भार न टाकता त्या एका वायरीतूनच १०० च्या वर ओढू शकतं. वायर जाड असेल आणि ६ पिनमध्ये १२ व्होल्टच्या तिन्ही तारा असतील तर निभावतं. काही एसएमपीएसमध्ये दोनच असतात. तुमच्याकडे पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या, तारा किती आहेत ते मोजा.

एसएमपीएस किती जुना आहे?

प्रतिसाद २

साटा वायरीवरून ८ पिन करणारा कन्व्हर्टर अजिबात लावू नका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे ५४ वॅट. त्यावर कार्ड चालवलं तर प्लग वितळतो.

प्रतिसाद ३

पीसीआय एक्स्प्रेसबद्दल. आरएक्स ६४०० (५३ वॅट) वॅट बघून मोहात पाडेल, पण ते आणि ६५०० एक्सटी फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतात. ३.० च्या बोर्डावर तो रस्ता अर्धाच उरतो आणि मेमरी भरली की जास्तच जाणवतो. शिवाय ६४०० ची मेमरी ४ जीबीच, म्हणजे तुमची तक्रार जिथल्या तिथे. ६६०० आणि ४०६० आठ लेनची आहेत, तुमच्या बोर्डावर थोडाच फरक पडेल.

आहे त्या एसएमपीएसवर निर्धास्त चालेल असं कार्ड हवं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा. ७० वॅटचं आहे आणि बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही. खरेदी करताना ‘६ जीबी’ नीट वाचा, ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पिवळ्या तारा मोजल्या, दोनच आहेत. त्यामुळे कन्व्हर्टरचा विषय माझ्यापुरता संपला. एसएमपीएस मशीनबरोबरचाच आहे, २०१९ चा.

आता प्रश्न ३०५० घेऊन मोकळं व्हायचं, की आधी एसएमपीएस बदलून ६६०० साठी थांबायचं, असा आहे.

प्रतिसाद १

थांबता येत असेल तर थांबा, असं मी मनापासून सांगेन. ३०५० चं ६ जीबीवालं १०५० टीआयच्या बरंच पुढे आहे, पण ६६०० त्याच्याही बरंच पुढे आहे आणि ८ जीबी मेमरी हेच तुमच्या झटक्यांवरचं औषध आहे. इतक्या वर्षांत एसएमपीएसमधले कपॅसिटरही थकतात. चांगला ५५० वॅटचा घेतलात तर तो पुढच्या कार्डालाही पुरेल. ‘८० प्लस’चा शिक्का बघून भुलू नका, तो फक्त वीज किती वाया जात नाही हे सांगतो. १२ व्होल्टचे अँपिअर, ६+२ पिनच्या (६ किंवा ८ पिन म्हणून चालणाऱ्या) दोन वायरी आणि वॉरंटी, हे बघा.

मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) घेतलात तर त्याच्याच वायरी वापरा. दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी प्लगमध्ये बसतात, पण आतली जुळणी वेगळी असते आणि डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

ठरलं, आधी एसएमपीएस. ९४००एफला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे तोवर १०५० टीआय जागेवरच राहील आणि टेक्श्चर ‘लो’वर ठेवून खेळेन. शेवटचं एक: एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

प्रतिसाद ३

गरज नाही. एएमडीचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. मग नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढा, मशीन बंद करून कार्ड बदला आणि नवा ड्रायव्हर टाका. नेट चालू ठेवलंत तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.