मदत हवी आहे: बॉबिनच्या नळीपाशी दोरा तुटतो, तोंड घरी घासावं का?

नमस्कार मंडळी. फ्लाय फिशिंगच्या माशा (हुकवर दोरा, पिसं गुंडाळून केलेली गळाची नकली आमिषं) मी स्वतः बांधतो. १२-१४ नंबरच्या हुकवर सगळं सुरळीत होतं, पण १८ नंबरवर, म्हणजे अजून लहान हुकवर आलो की ७० डेनिअरचा (डेनिअर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) बारीक दोरा तुटायला लागतो. तुटतो तो बहुतेक वेळा नळीच्या तोंडाशी, आणि टोकाला तंतू पिंजारलेले दिसतात. बॉबिन (दोन पायांत रीळ धरून नळीतून दोरा सोडणारं हत्यार) साध्या स्टीलच्या नळीची आहे, सिरॅमिकची नाही. हॅकल, म्हणजे हुकभोवतीचं पीस, गुंडाळताना दोरा गेला की केलेलं काम डोळ्यांदेखत सुटत जातं, फार जिवाला लागतं.

नळीचं तोंड बारीक वॉटर पेपरने घासावं असं मनात आहे. पण बाहेरून घासून आतली कड आणखी धारदार होईल का? आणि रीळ फार घट्ट फिरतंय असं वाटतं, तर बॉबिनचे दोन्ही पाय वाकवले तर चालतात का?

दुसरी अडचण कात्रीची. अनुभवी लोक ती खाली न ठेवता हातातच धरून बांधतात. माझ्या कात्रीची कडी बोटाच्या पेरावर अडकते. कडी कानशीने मोठी करावी का?

प्रतिसाद

आधी दोष नळीचाच आहे याची खात्री करा. कान साफ करायच्या काडीचा कापूस नळीच्या तोंडावर आतून-बाहेरून फिरवा. तंतू अडकले तर कड खरबरीत आहे. अडकले नाहीत तर हुकचं टोक पाहा. लहान हुकवर दोरा टोकाला नकळत घासतो, एखाददुसरा तंतू कापला जातो आणि पुढच्या ताणाला सगळाच तुटतो. तुम्ही 'बहुतेक वेळा' म्हणालात, म्हणजे कदाचित दोन्ही कारणं असतील. बोटांची कातडी फाटलेली असली तरी ७० डेनिअरचे तंतू ओढले जातात, तेव्हा बसण्याआधी बोटंही गुळगुळीत करून घ्या.

कड खरबरीत निघाली तर वॉटर पेपर नको, तुमची शंका रास्त आहे. जाड सुती दोऱ्याला धातूचं पॉलिश लावा, तो नळीतून ओवा आणि तोंडाच्या कडेवर सगळ्या बाजूंनी तिरका ओढत राहा. दोरा ज्या कोनात घासतो त्याच कोनात कड गोल होते. नंतर साबणाच्या पाण्याने नळी आतून नीट धुवा, नाहीतर उरलेलं पॉलिश माशीच्या दोऱ्यावर चढेल. नळीत मेण साचलं तर सुई खुपसू नका, तोंडावर ओरखडा उठतो. जाड नायलॉनचा तुकडा पुरे.

आणखी एक प्रतिसाद

पॉलिशबद्दल सहमत, पण मी आधी ताण बघेन. बॉबिन हुकवरून लोंबकळत सोडा. ती आपल्या वजनाने खाली सरकू नये, पण हलक्या ओढीला रीळ फिरलं पाहिजे. दोरा तुटायच्या बराच आधी रीळ सुटायला हवं, मोठ्या हुकवर १४० डेनिअर वापरताना हे कळतच नाही. पाय जरूर वाकवता येतात. दोन्ही एकदम, सारखे, थोडे थोडे बाहेर ओढा आणि दरवेळी रीळ लावून पाहा. नळीच्या जोडापाशी जोर देऊ नका, तो सुटला की बॉबिन गेली.

कात्रीची कडी गोल कानशीने आतून वाढवा आणि कड मऊ करा. यंत्राने घासणार असाल तर पाण्यात बुडवत राहा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. पात्यांच्या टोकांच्या आसपास तर अजिबात नको. धरताना अनामिका एका कडीत, पाती तळव्यातून बाहेर, अंगठा मोकळा. कापायच्या क्षणीच अंगठा दुसऱ्या कडीत. तार कापायला मात्र जुनी कात्री वेगळी ठेवा.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. कापूस तोंडाच्या आतल्या कडेला एकाच जागी अडकतोय. सुती दोरा आणि पॉलिश आज लावतो, मग पाय बघतो. हॅकल प्लायर्सचंही (पीस धरून गुंडाळायचा छोटा चिमटा) विचारायचं राहिलं: पिसाची दांडी जबड्याच्या कडेवरच तुटते. एका जबड्यावर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवली तर लहान पिसांवरची पकड सैल होईल का?

प्रतिसाद

पातळ स्लीव्ह असेल तर उलट पकड सुधारते. फक्त ती जबड्याच्या टोकापलीकडे येऊ देऊ नका, आणि दांडी जबड्याच्या रेषेत धरा. आडवी धरली की कडेवर मुडपून तुटते.