लंडनच्या चर्चचं छत जळलंय का? (बडोद्याचं न्यायमंदिर माहितीवाले या)

दांडियाबजारची_मावशी:
मुलीकडे लंडनला आलेय. काल व्हिक्टोरिया स्टेशनजवळच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलला गेलो (हे कॅथलिकांचं चर्च, वेस्टमिन्स्टर ॲबी हे जुनं चर्च वेगळं, मी पण आधी घोळ घातला), बाहेरून लाल-पांढरे पट्टे, आत खाली चकाचक संगमरवर आणि मान वर केली तर घुमट काळेकुट्ट, आमच्या आजीच्या चुलीवरचं छत अगदी! जावई म्हणतो बायझंटाइन स्टाईल, म्हणजे घुमट-कमानींची. अहो पण आपलं बडोद्याचं जुनं कोर्ट, न्यायमंदिर, तेपण बायझंटाइनच म्हणतात ना, तिथे तर असं काही नाही?

विटकरी:
जळलं नाही मावशी, काम राहिलंय. वरपर्यंत मोझेक (रंगीत तुकड्यांची नक्षी) करायचं होतं, पैसे येतील तसं थोडं थोडं होत गेलं, म्हणून वर नुसत्या विटा दिसतात. १८९५ ला पायाभरणी, १९०३ ला प्रार्थना सुरू, आणि आर्किटेक्ट बेंटली बिचारा १९०२ लाच गेला. ही स्टाईल घेण्यात हाच हिशोब होता, आधी सांगाडा उभा करा नि वापरायला लागा, सजावट मागाहून. आपण नाही का पीओपी बाकी ठेवून वास्तुशांत उरकतो, तसंच. शिवाय ॲबी गॉथिक (टोकदार कमानींची), जवळच परत गॉथिक बांधलं असतं तर लोकांनी तुलनाच केली असती. आणि हो, पूर्वी त्या जागेवर जेल होता!

सुरसागर_काठ:
न्यायमंदिर १८९६ चं, आर्किटेक्ट रॉबर्ट चिझमचं काम. मी तिथे तारखांना इतक्या चकरा मारल्यात की घुमट बघायला वेळच झाला नाही, लक्ष सगळं पुकाऱ्याकडे 😄 कोर्ट तिथून हललं तेव्हापासून बाहेरून जाताना चुकल्यासारखं होतं, टायपिस्टची खडखड नाही, काळे कोट नाहीत.

एक्स_लंडनकर:
ते चर्च मात्र गजबजलेलं असतं. माझं ऑफिस जवळच होतं, दुपारी डबा खाऊन शांत बसायला जायचो, तर गुडघे टेकलेल्या नर्सबाई, पिशव्या घेऊन आलेल्या आज्ज्या, शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा एखादा. बेघरांसाठी 'द पॅसेज' म्हणून संस्था आहे ना, ती १९८० मध्ये इथल्याच कार्डिनल (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू) ह्यूम यांनी सुरू केली. मावशी, मुलांचं गाणं चुकवू नका, त्यांची शाळाच आहे तिथे.

दांडियाबजारची_मावशी:
रविवारी जाते मग. आपण हिंदू, बसलेलं चालतं का?

एक्स_लंडनकर:
खुशाल बसा, मागच्या बाजूला. मास (त्यांची मुख्य प्रार्थना) चालू असताना फोटो नको, आणि प्रसादासाठी रांग लागली की जागेवरच राहा, तो कॅथलिकांनाच देतात. माझी आई हात पुढे करून गेली होती 🙈