मदत हवी आहे: एक्सेलमध्ये गट नंबरची तारीख होते, नावं कापली जातात

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली. गावातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवते: नाव, गट नंबर, क्षेत्र, बँक खातं. नावं युनिकोड मराठीत, आकडे इंग्रजी. परवा प्रिंट काढून पारावर लावली आणि तासाभरात तिघं जण घरी आले.

त्यातले एक काका दोन एकरवाले. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८० हेक्टर, म्हणजे ८० आर. मी तसंच टाइप केलं होतं, शीटमध्ये मात्र ०.८ उरलं आणि त्यांनी ते आठ आर वाचलं. "पोरी, माझं रान कुठं गेलं?" म्हणाले. मला काही सुचेना.

गट नंबरचं तर कोडंच आहे. ११२/२ सेलमध्ये डावीकडं नीट बसतो. १२/३ टाकला की उजवीकडं सरकतो आणि १२-मार्च होतो. सगळा कॉलम डावीकडं घेतला, तर १२-मार्चच डावीकडं आला. फॉरमॅट टेक्स्ट केला तर ४५७२८ दिसायला लागलं!

शिवाय शेजारचा सेल भरलेला असल्यानं लांब नाव मधेच कापलं जातं. रॅप टेक्स्ट केलं तर दुसरी ओळ दिसतच नाही. नावासाठी दोन सेल मर्ज केलेत. आमच्याकडं एका नावाचे चार-चार जण आहेत, वडिलांचं नाव-आडनाव दिसलंच पाहिजे. सोमवारी यादी द्यायचीय. कुणी सांगेल का?

प्रतिसाद, परभणीहून

ताई, तो उजवीकडं सरकला तिथंच ओळखायचं. एक्सेल मजकूर डावीकडं ठेवतं, आकडा आणि तारीख उजवीकडं. ११२ तारीख नसते म्हणून तो गट वाचला. अलाइनमेंट बदलून फक्त दिसणं बदलतं, आतली तारीख तशीच राहते. ४५७२८ म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवस, १२ मार्च २०२५. नुसता फॉरमॅट टेक्स्ट करून त्यातून १२/३ परत निघणार नाही. आधी रिकामा कॉलम निवडा, कंट्रोल आणि १ दाबून नंबरमध्ये टेक्स्ट करा आणि मग सातबारा समोर ठेवून बिघडलेले गट परत टाका. खाते नंबरालाही हेच करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात आणि १५ च्या पुढच्या अंकांचं शून्य होतं.

क्षेत्र मात्र टेक्स्ट करू नका, बेरीज लागते. कस्टममध्ये ०.०० द्या, ०.८० दिसेल. १०० आरचा हेक्टर, त्यामुळं बेरीजही बरोबर येते.

मर्ज काढाच. मर्ज सेलमध्ये रॅप केलं तरी ओळीची उंची आपोआप वाढत नाही. कॉलम रुंद करा, रॅप ठेवा, मग डावीकडच्या ओळ क्रमांकाच्या खालच्या रेघेवर डबल क्लिक करा. वर मथळा मधोमध हवा असेल तर अलाइनमेंटमध्ये सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, झालं! मर्ज काढल्याबरोबर पूर्ण नावं आली. २३ गट नंबर बिघडले होते, सगळे सातबाऱ्यावरून परत भरले. काकांना ०.८० ची प्रिंट आत्ताच नेऊन दाखवली. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.